चाळिसाव्याचा भात

मित्रांनो, मी एक जुनी डेग आहे. बिडाची, जाड बुडाची, एका वेळी वीस किलो तांदूळ शिजवणारी. दुशान्बेच्या पूर्वेला, वाहदात गावाच्या टोकाला आमचा गुलिस्तान महल्ला आहे. तिथल्या चहाखान्याच्या मागच्या खोपटात मी पालथी पडलेली असते. कोणाकडे लग्न निघाले किंवा कोणाकडे मयत झाले, की मला न्यायला चार गडी येतात. मी कोणा एकाची नाही, साऱ्या महल्ल्याची आहे.

सामूहिक शेतीच्या काळात मोडक्या ट्रॅक्टरांचे बीड वितळवून ओतारी उस्तो शरोफ यांनी मला वाळूच्या साच्यात ओतले. थंड झाल्यावर हातोडीने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "खणखणीत आहे पोरगी. सात पिढ्या जेवतील." तेव्हापासून माझ्यात किती गाजरे, किती मटण, किती सरकीचे तेल पडले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. माझ्यातल्या ओशची, म्हणजे गाजर-मटणाच्या पुलावाची, चव दुसऱ्या डेगीला येत नाही, असे लोक म्हणत. त्यात थोडे श्रेय आचारी झिक्रियो अमकचेही होते. अमक म्हणजे काका. सारा महल्ला त्याला अमकच म्हणतो.

मग ते वाईट वर्ष आले. आमच्याच देशातली माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. झिक्रियोने अंगणात खड्डा खणून मला पुरले आणि बायकोमुलांना घेऊन, महल्ल्यातल्या इतर काहींबरोबर पंज नदी ओलांडून तो अफगाणिस्तानात कुंदूझकडे पळाला. पाच वर्षे मी मातीखाली होते. परतल्यावर त्याने मला उकरले, गंज खरवडला, तेल चोळले. तिकडच्या दिवसांबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. पण गेला होता तो हसरा माणूस होता आणि परत आला तो कांदे मोजून घेणारा. सरपणवाल्याने मोळी टाकली की हा ती सोडून आतली लाकडे बघायचा. खरे सांगते, त्याच्या सहवासात ती खोड मलाही लागली. झाकण उचलणारा हात ओळखीचा नसला, की माझे बूड आवळून येई.

पुढे नदीपलीकडे राज्य उलटले आणि अफगाण कुटुंबे आमच्याकडे येऊ लागली. महल्ल्यात सहा घरे झाली. त्यांतले एक इसमतचे. कुंदूझच्या कोर्टात तो कारकून होता. ज्यांच्या शिक्षेचे कागद त्याने लिहिले होते, तेच आता तिथे राज्य करत होते. इथे तो बाजारात मोज्यांची हातगाडी लावी. बायको होमैरा आणि म्हातारी आई, एवढेच त्याचे घर.

एका वसंतात वरच्या कचेरीतून पत्र आले. अफगाणांना महल्ल्यात राहू द्यावे की नाही, लोकांचे म्हणणे सह्यांनिशी कळवा. चहाखान्यात सभा भरली. खोपटाचे दार उघडे होते, त्यामुळे मी सारे ऐकले.

महल्ल्याचे रईस, म्हणजे प्रमुख, सद्रिद्दीन पत्र वाचून म्हणाले, "बोला. नंतर म्हणू नका विचारलं नाही."

"घरभाडं कुठल्या कुठं गेलंय यांच्यामुळं," एकजण म्हणाला.

"भाडं वाढवलं कोणी? तूच ना?" निवृत्त शिक्षिका सबोहत यांनी त्याला गप्प केले. त्यांना सगळे मुअल्लिमा म्हणतात. "माझा मुलगा मॉस्कोत आहे. तिथं त्याला चौकाचौकात कागद दाखवावे लागतात. तिथले लोकही हेच बोलतात रे. भाडं, कामं, चोऱ्या."

"तुमचा मुलगा भिंती रंगवतो, मुअल्लिमा," रईस म्हणाले. "पण नदीपलीकडून बंदूकवाले आले तर ते यांच्यातच मिसळून येणार. कपाळावर लिहिलेलं असतं का? आमच्या लेकराबाळांना काही झालं तर कचेरीला काय सांगू, बिचारे वाटले होते?"

मग सगळ्यांनी झिक्रियोकडे पाहिले. तो पाच वर्षे तिकडे राहिलेला.

"बोली आपली, नमाज आपली," तो चहाच्या वाटीत बघत म्हणाला. "पण मनात काय आहे, कोण सांगणार? मी बघेन, मग बोलेन."

सह्या पुढच्या जुम्म्यावर गेल्या.

दोनच दिवसांनी इसमतची आई वारली. तिसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी तो डेग मागायला आला. झिक्रियोने त्याला उंबऱ्याबाहेरच उभे केले.

"किती माणसं येणार?"

"आमचीच, अमक. आसपासच्या गावांतली."

"इतकी आहेत तुमची आसपास?"

मयताला डेग नाकारण्याची रीत आमच्याकडे नाही, म्हणून मला नेऊ दिले. पण झिक्रियो स्वतः मागोमाग आला आणि फाटकाशी स्टूल टाकून बसला. होमैराने चहा आणला, तो त्याने घेतला नाही. भातात मनुका पडताना पाहून मात्र त्याला राहवले नाही. "मयताचं जेवण आहे की लग्नाचं?"

पंधरा-वीस पुरुष आले. अंगणात मी चुलीवर होते आणि ते माझ्याभोवती बसले होते. फाटकातून झिक्रियोला फक्त हलणारे ओठ दिसत होते. मध्येच कोणी भिंतीकडे बघे, कोणी बोलणाऱ्याच्या गुडघ्यावर हात दाबी. मित्रांनो, तो हात काय म्हणत होता ते मी ऐकले. "हळू रे. गल्लीला वाटायचं, अफगाण जमलेत." आणि दुसरा म्हणत होता, "तो म्हातारा डेग राखायला बसलाय, की आपल्याला?" बाकी बोलणे म्हणजे म्हातारीच्या आठवणी होत्या. कोणाचे बाळंतपण तिने केले, कोणाला तिने रागे भरले. होमैरा तर रडलीही तोंडात ओढणी कोंबून.

संध्याकाळी मी परत आले ती लखलखीत. राखेने घासून, आतून तेल लावून. झिक्रियोने बोट फिरवून पाहिले आणि पुटपुटला, "इतकी का घासली? काय पुसायचं होतं यांना?"

जुम्म्याच्या सभेत तो उठून उभा राहिला. "वीस पुरुष होते. तासभर कुजबुजत होते. मला पाहिलं की गप्प. मयताच्या घरी माणूस मोठ्यानं रडतो. कुजबुजतो तो कोण?"

मुअल्लिमा सबोहत म्हणाल्या, "झिक्रियो, कुंदूझला माझ्या तंबूशेजारी तुझा तंबू होता. तुझं धाकटं पोर तिथं गेलं. तेव्हा तू मोठ्यानं रडलास का रे?"

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मुअल्लिमा, ते वेगळं होतं," एवढेच तो म्हणाला आणि सही करून खाली बसला. त्याने केली म्हणून बाकीच्यांनीही केली. मुअल्लिमांनी केली नाही. मी ओरडून खरे सांगायला हवे होते. पण डेगीला तोंड असते, जीभ नसते.

अफगाणांनी पंधरा दिवसांत निघून जावे, असा हुकूम आला. निघण्याच्या सकाळी होमैरा चहाखान्यासमोरून चालली होती. झिक्रियोने तिला हटकले. "जाता जाता खरं सांग. त्या दिवशी काय कुजबुजत होता?"

"काही नाही, अमक."

"मग मोठ्यानं का नाही बोललात?"

"तुम्ही दारात बसला होतात ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, याचेच मला नवल वाटले. "अफगाण जमलेत, असं तुम्हाला वाटू नये म्हणून."

ती वळली, मग थांबली. "सासूबाईंचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण तेवढं राहिलं," असे स्वतःशीच म्हणून निघून गेली. ट्रक दक्षिणेला, पंजच्या पुलाकडे गेला. पुढे त्यांचे काय झाले, मला ठाऊक नाही.

झिक्रियो त्याच दुपारी कचेरीत गेला. सहीवर काट मारू द्या म्हणाला. कारकुनाने मान वर न करता सांगितले, "कागद पुढं गेला, बाबा. आता तो आमच्याकडं नाही." परत येऊन तो माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने सरपणाची मोळी सोडून पाहिली नाही.

चाळिसाव्या दिवशी त्याने मला स्वतःच्या अंगणात चुलीवर चढवले. तांदूळ, गाजर, मटण. आणि दोन मुठी मनुका. गल्लीत कुजबुज सुरू झाली. "याला काय झालं? त्यांनी जाताना काही देऊन ठेवलंय का?" रईस आले नाहीत. सातआठ जण आले, तेही बिचकत, भिंतीकडे बघत बसले. मुअल्लिमा बायकांबरोबर दाराशी होत्या.

मुल्लांनी हात उचलले. "मयताचं नाव?"

झिक्रियोने मुअल्लिमांकडे पाहिले. "इसमतची आई," त्या हळूच म्हणाल्या. "मी कायम तेच म्हणत आले."

"नाव, बहीण. दुआ नावानं मागतात."

कोणालाच ठाऊक नव्हते. चार वर्षे ती याच गल्लीत राहिली, याच नळावर तिने पाणी भरले. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विचारले नाही, विरुद्ध बोलणाऱ्यांनीही नाही. कबरीवर दोन धोंडे होते, अक्षर नव्हते. झिक्रियोने तोंडावर हात घेतला आणि मग तो मोठ्याने रडला. सारी गल्ली ऐकत होती. नाव न घेताच दुआ झाली.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे. मला वेळच्या वेळी तेल चोळा, ओले ठेवू नका, एवढे तर मी मागेनच. पण आणखी एक मागते. तुमच्या गल्लीत परके माणूस राहायला आले आणि मनात संशय आला, तर तो येऊ द्या. मीही काही फार भोळी नाही. फक्त फाटकाशी बसून त्याचे ओठ बघू नका. आत जा, चहा घ्या आणि नाव विचारा.

त्या दिवशी भातात मनुका टाकताना होमैरा माझ्या काठाशी वाकून ते नाव कुजबुजली होती. "बीबी गुलअंदाम," ती म्हणाली होती, "तुम्हाला गोड आवडायचं ना."