बाईंच्या तक्त्यातला पाचवा शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि स्वभावाने संशयी आहे. त्याला माझा इलाज नाही. मला विश्वासाने कुणी उघडत नाही. एखाद्या शब्दाविषयी शंका आली, की मगच लोक माझ्याकडे येतात. पंचवीस वर्षे लोकांच्या शंका पाहून मीही तसाच झालो. कुणी मला हातात घेतले की मी आधी विचार करतो, याला नक्की काय हवे आहे?

माझी छपाई पुण्यात झाली. तिथून मी लोणावळ्याच्या बाजारात आलो. चिक्कीच्या दोन दुकानांच्या मध्ये वह्या-पुस्तकांचे एक छोटे दुकान होते, तिथे मी वर्षभर पडून होतो. फिरायला आलेले लोक चिक्की घेत आणि निघून जात. एके दिवशी हिराबाई आल्या. सोमाटण्याच्या शाळेत त्या नुकत्याच इंग्रजी शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी मला उचलले, पण लगेच घेतले नाही. स्वतःला पक्के ठाऊक असलेले चार शब्द माझ्यात शोधले, मी खरे बोलतो की नाही ते पाहिले आणि मगच मला पिशवीत टाकले. बाईंचा स्वभाव मला तिथेच कळला.

शाळेत बाईंना सगळ्यात जास्त त्रास दिला तो लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांनी. रेडियसचे अनेकवचन रेडियाय होते, एवढे मुलांना सांगितले की मुले सर्कसचे सर्काय करून मोकळी होत. बाई म्हणत, "नुसता शेवट बघून शब्दावर विश्वास ठेवू नका. काही शब्द अजून माहेरच्या रीतीने चालतात. काही सासरी रुळले, त्यांना साधा एस लागतो. काहींना दोन्ही चालतं. प्रत्येकाला वेगळं विचारायचं."

त्या स्वतः तसेच करत. माझ्यावरही त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. एखादे अनेकवचन बाहेर कुठे दिसले की माझ्या पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवत. अल्बमपुढे त्यांनी लिहिले आहे, 'अल्बम्स, तळेगावच्या फोटोवाल्याची पाटी.' स्टेडियमपुढे लिहिले आहे, 'स्टेडियम्स, रविवारचा पेपर, पान सात.' माझे समास अशा साक्षींनी भरून गेले.

बाईंचे यजमान श्रीपती तळेगावच्या कारखान्यात होते. शिक्षण सातवीपर्यंत. यंत्रांवरच्या पाट्या वाचून त्यांना इंग्रजी अक्षरे ओळखता येत, त्यापुढे काही नाही. पण दर जूनमध्ये मला खाकी कागदाचे कव्हर तेच घालत. माझी शिवण उसवली तेव्हा खळ करून त्यांनीच पाने बसवली. मला आतून वाचले मात्र कधी नाही.

मग मोबाईल आले. बाईंची मुलगी चैताली म्हणाली, "आई, हे सगळं एका सेकंदात मिळतं. कशाला ते ओझं सांभाळतेस?"

"मिळतं गं. पण त्याच्या कडेला मला पेन्सिलीने लिहिता येत नाही."

तरी माझे उघडणे कमीच झाले. फळीवर धूळ खात मी मोबाईलकडे संशयाने पाहत असे.

गेल्या वर्षी शाळेने भिंतीवर एक मोठा तक्ता लावायचे ठरवले. लॅटिनमधून आलेले साठ शब्द, एकवचन आणि अनेकवचन. बाईंनी तो स्वतःच्या हाताने लिहून शाळेत दिला. त्यानंतर त्या आजारी पडल्या. डॉक्टर श्रीपतींना रोज सांगत, "फुप्फुसात बॅक्टेरिया पसरलेत." मध्ये आठ दिवस बाई घरी आल्या होत्या. पुन्हा दवाखान्यात नेले, ते परत आणले नाही.

चार महिन्यांनी आदिनाथ सर घरी आले. बाईंच्या जागी आता ते इंग्रजी शिकवतात. तरुण आहेत, घाईचे आहेत. हातात बाईंचा तक्ता होता आणि त्यावर लाल शाईच्या खुणा होत्या.

"काका, तक्ता छापायला द्यायचाय. खाली बाईंचं नाव टाकणार आहोत. पण त्यात पाच चुका निघाल्या. मी दुरुस्त केल्यात. तुम्हाला न सांगता देणं बरं वाटेना."

"चुका? तिच्या?"

"पाच. शेवटी यूएम असेल तर ए होतो, यूएस असेल तर आय होतो. सोपा नियम आहे काका."

"लय सोपा हाय, म्हनून तर पटंना," श्रीपती म्हणाले. "सोमवारपातुर थांबा. मी बघतो."

"तुम्ही बघता?" सरांना हसू आवरले नाही.

"व्हय. मीच."

सर गेल्यावर त्यांनी मला खाली काढले. माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच बाईंना फसवले होते. सर खरे, की शब्दकोश खरा, की हिरा खरी? त्यांना कुणाचाच भरवसा वाटेना. एका कागदावर त्यांनी ते पाच शब्द चित्र काढावे तसे उतरवून घेतले आणि एकेक अक्षर जुळवत माझ्यात शोधू लागले. एका शब्दाला अर्धा अर्धा दिवस लागला. अल्बम, म्युझियम, बोनस, स्टेडियम असे चार सापडले. समासातले मराठी त्यांना वाचता येत होते. चारही ठिकाणी बाईंची साक्ष होती आणि चारही ठिकाणी बाई बरोबर होत्या.

पाचवा शब्द त्यांनी मागे ठेवला होता. तो दवाखान्यात रोज ऐकलेला शब्द होता. रविवारी दुपारी त्यांनी ते पान काढले. तिथेही पेन्सिलीचे अक्षर होते, पण वाकडेतिकडे. खाली तारीख होती, घरी काढलेल्या त्या आठ दिवसांतली.

'एक असेल तर बॅक्टेरियम. अनेक असतील तर बॅक्टेरिया. मी बॅक्टेरियाज शिकवत आले. माझी चूक. तक्ता बदलायला सांगणे.'

श्रीपतींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग उठून त्यांनी बाईंच्या डब्यातले खोडरबर आणले आणि त्या ओळीवर टेकवले.

मित्रांनो, ज्या माणसाने मला पंचवीस वर्षे कव्हर घातले त्याचाच मला त्या दिवशी संशय आला. ही ओळ गेली असती तर बाईंची चूक कुणाला समजली नसती. रबर एकदा फिरले. पहिले अक्षर पुसट झाले. मग हात थांबला. त्यांनी मला मिटले. का थांबले ते मला कळले नाही, आणि ते पुन्हा रबर उचलणार नाहीत याची मला खात्री नव्हती.

सोमवारी ते मला घेऊन शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत सर बसले होते. श्रीपतींनी एकेक पान उघडून दाखवले.

"तुमी बोनसचं बोनाय केलंय सर. तीस दिवाळ्या कारखान्यात काढल्या. बोनाय कुटं ऐकला न्हाई."

खोलीतले बाकीचे शिक्षक हसले. सरांनी आधी माझ्यात पाहिले, मग मोबाईलमध्ये पाहिले, मग पुन्हा माझ्यात. स्टेडियमला दोन्ही रूपे चालत होती. बाकी तिघांना साधा एस किंवा ईएस. चार लाल खुणा त्यांनी स्वतः खोडल्या.

"हरलो काका," ते म्हणाले. "नियमाच्या भरात मी वाहवत गेलो. बाईंना जास्त कळत होतं. राहू द्या, पाचवाही त्यांचाच ठेवतो. आता तपासत बसत नाही."

श्रीपतींचा अंगठा सकाळपासून त्याच पानात होता. त्यांना फक्त गप्प बसायचे होते. तक्ता छापला गेला असता, खाली बाईंचे नाव आले असते आणि सगळे त्यांना नावाजत राहिले असते. मी वाट पाहत होतो. खरे सांगतो, ते गप्पच बसतील असे मला वाटले होते.

"न्हाई सर," ते म्हणाले. "पाचवा तुमचा बरोबर हाय."

त्यांनी पान उघडले. सरांनी बाईंची ओळ वाचली, तारीख वाचली. मग हलक्या आवाजात विचारले, "काका, हे तुम्ही दाखवलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. का दाखवलंत?"

"खोटं सापडलं की आठ-आठ दिवस बोलायची न्हाई माझ्याशी," श्रीपती म्हणाले. "आता पुन्यांदा ते नको."

त्यांनी मला तिथेच टेबलावर ठेवले आणि कव्हरचा सुटलेला कोपरा आत खोचला. "पोरांना वापरू द्या," एवढे म्हणून ते निघाले.

आता मी शाळेत असतो. माझी पाने पिवळी पडली आहेत, शिवण पुन्हा सैल झाली आहे. मित्रांनो, मला कोरड्या हातांनी उघडा, पाने दुमडू नका. माझ्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. मी जुना आहे, माझ्यातही चुका असतील. सापडली तर माझी भीड धरून ती लपवू नका. शेजारी पेन्सिलीने बरोबर काय ते लिहा आणि खाली तारीख घाला.