नववं घर

उसामी सरांची बायको वारली तेव्हा गल्लीची पाटी माझ्याकडे होती. दहा महिने मी ह्याच दिवसाची वाट बघत होते. त्यांच्या बायकोच्या जाण्याची नव्हे हं, कुणाच्याही. खरं सांगायचं तर सर स्वतः गेले तर जास्त बरं, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं. पण मग त्यांना वाचायला कोण लावणार?

पाटी म्हणजे साधी पुठ्ठ्याची, वर लोखंडी चिमटा. नळाचं पाणी कधी बंद राहणार, बर्फ कुठे टाकायचा, कुणाच्या घरी कोण वारलं, सगळे कागद त्या चिमट्यात. आमच्या गल्लीत नऊ घरं. पाटी आली की वाचायचं, कागदावरच्या आपल्या चौकटीत आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारी नेऊन द्यायची. आठवं घर सरांचं. नववं, शेवटचं, माझं.

मी लिगाया. मूळची फिलिपिन्सची. जपानात येऊन बावीस वर्षं झाली, त्यातली सहा ह्या गल्लीत. नवऱ्याशी फारकत झाल्यावर हे बंद पडलेलं घर घेतलं आणि वृद्धाश्रमात कामाला लागले. पहाटे पाचला निघायचं ते दिवेलागणीला परत.

सरांचं नि माझं बिनसलं ते बाटल्यांवरून. पहिल्याच वर्षी गल्लीच्या साफसफाईच्या दिवशी त्यांनी झाकणं न काढताच बाटल्या जाळीच्या पिशवीत टाकल्या. मी आपली साधेपणाने म्हणाले, "सर, झाकणं वेगळी टाकायची ना?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं! चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या वह्या त्यांनीच तपासलेल्या. त्यांची चूक आजवर कुणी काढली नव्हती, आणि काढली ती कुणी, तर बाहेरून आलेल्या बाईने.

त्यानंतर पाटी माझ्या दाराशी यायचीच थांबली. विचारलं तर सर गोड हसून म्हणाले, "तुम्हाला वाचायचा त्रास कशाला, लिगायाबाई? महत्त्वाचं काही असलं की मी सांगेन." मी वृद्धाश्रमात तीस म्हाताऱ्यांच्या औषधांचे कागद रोज वाचते, आणि हे मला वाचायचा त्रास सांगतात! पण भांडले नाही. म्हटलं, मरू दे. मला तोमि आजी होत्या ना, त्या सगळं सांगायच्या.

तोमि नागुमो, तिसरं घर. गल्लीत आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या दारापुढचा बर्फ मी चुकीच्या बाजूला ढकलत होते, तेव्हा ही ऐंशी वर्षांची म्हातारी फावडं घेऊन आली आणि ओरडली, "अगं बये, उन्हाळ्यापर्यंत तिथेच ठेवणार आहेस का तो?" तेव्हापासून माझी सुटी म्हणजे आजींचं घर. चुलीजवळ पाय सोडून बसायचं, मुळ्याचं लोणचं कडाकडा चावायचं आणि अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायची. "खा गं, हाडं दिसायला लागली तुझी," म्हणायच्या. माझी कसली हाडं दिसतायत! त्यांचा मुलगा शिगेरु माझ्याच वयाचा. तो मला ताई म्हणायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी आजींना शहरातल्या इस्पितळात ठेवलं. दर रविवारी मी जाऊन त्यांचे पाय चोळायचे. मंगळवारी त्या गेल्या. गुरुवारी त्यांना निरोप दिला. आणि मला कळलं शनिवारी, कचऱ्याची पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभी असताना. सातव्या घरातल्या कोगुरेबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काम होतं वाटतं परवा?"

मी पिशवी तिथेच टाकून पळत सुटले. शिगेरुने दार हातभरच उघडलं.

"शिगेरु, मला कुणी सांगितलंच नाही रे!"

"पाटी फिरली होती, बाई. तुमच्या चौकटीत खूण आहे म्हणे. सरांनी स्वतः तुमच्या हातात दिली." ताईची बाई झाली होती. "तीन वर्षं माझ्या आईच्या ताटात जेवलात. एक तास नाही काढता आला?"

दार लागलं. मी तशीच सरांकडे गेले. ते म्हणाले, "दिली होती की. तुमच्या लक्षात नसेल. कामाचा ताण असतो तुम्हाला." मागे त्यांची बायको सायोकोबाई उभी होती. तिने मान खाली घातली, आणि तेवढ्यावरून मी काय ते समजले. पण माझ्या शब्दाला काय किंमत? एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी. पाटीवरचे कागद गल्लीच्या गटप्रमुखाच्या पेटीत जातात, दर वर्षी एका घराकडे ती पाळी असते. तिथे मला कोण हात लावू देणार?

पुढची दोन वर्षं गल्लीने मला काही म्हटलं नाही. तेच तर! भांडले असते तर मीही चार शब्द सुनावले असते. सगळे हसून "थंडी आहे ना आज?" म्हणायचे आणि पुढे जायचे. जिने आजींच्या घरी पोटभर खाल्लं आणि अंत्यदर्शनाला फिरकली नाही, ती ही. असल्या लोकांना कसलं आलंय देणंघेणं. हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण मला रोज ऐकू यायचं.

त्यातच गेल्या एप्रिलात गटप्रमुखपद सातव्या घराकडून आठव्याकडे जायची वेळ आली. सरांनी बायकोच्या आजारपणाचं कारण सांगून पाळी टाळली. वर म्हणाले, "नववं घर सोडा, पहिल्याकडे जाऊ द्या." पण कोगुरेबाई नियमाला एकदम पक्क्या. पेटी उचलून त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवली.

दार लावून मी ती उपसली. तळाशी तो कागद सापडला. तोमि नागुमो, वय त्र्याऐंशी, गुरुवारी सकाळी दहा. खाली नऊ चौकटी. आठ घरांचे गोल शिक्के. नवव्या चौकटीत शिक्का नव्हता, माझं नाव लिहिलेलं होतं. शेंदरी शाईत, शेवटच्या अक्षराला तो ऐटबाज हेलकावा देऊन. गल्लीतल्या ज्याने ज्याने शाळेत मार खाल्ला त्याला सरांची वह्या तपासायची ही शाई आणि हे वळण झोपेतून उठवलं तरी ओळखता येईल. आधीच्या गटप्रमुखाने कधी नीट पाहिलं नसणार. नऊ चौकटी भरल्या, कागद पेटीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच कागद घेऊन बाहेर धावणार होते. पण उंबऱ्यावर थांबले. एकेकाला दाखवत फिरले असते तर सर हसून म्हणाले असते, मदत केली हो त्यांना, वाचता येत नाही ना. आणि सगळ्यांनी माना डोलवल्या असत्या. नाही. हा कागद पाटीवरूनच जायला हवा होता, आणि अशा दिवशी जेव्हा प्रत्येक घर पाटी नीट वाचतं. पाण्याच्या सूचना कोण वाचतं? मरणाची सूचना सगळे वाचतात.

म्हणून मी थांबले. दहा महिने पाणी, बर्फ आणि बाटल्यांच्या सूचना लावत राहिले. पाटी फिरून परत येताना सरांना माझी घंटा वाजवावी लागायची, पण ते वाजवायचे नाहीत. पायरीवर ठेवून निघून जायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी घंटा वाजली. दारात सर. काळा कोट, खांद्यावर बर्फ, दाढी वाढलेली.

"सायोको गेली," ते म्हणाले. "काल दुपारी. सूचना काढायला हवी. परवा सकाळी दहा, अंत्यविधीच्या हॉलमध्ये."

"आत या, सर."

"नको. पाटी आजच फिरेल ना?" ते पायरीवरच उभे राहिले. "तिला माणसं आवडायची. हॉल रिकामा दिसला तर..."

त्यांनी कोटाच्या बाहीने नाक पुसलं. आणि मला, खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. हा माणूस माझ्या दारात उभा राहून माणसं मागत होता. पाटी उशीखाली ठेवून दिली असती तर हॉलमध्ये ते, भटजी आणि फुलं, एवढंच. तो विचार मी जिभेवर साखर ठेवावी तसा घोळवला. मग सायोकोबाई आठवली. एकदा माझ्या पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळून तीन मुळे ठेवून गेली होती, चोरून, कुणी पाहिलं तर काय म्हणून. तिच्या वाट्याला रिकामा हॉल नको.

"आजच फिरेल," मी म्हणाले. "काळजी करू नका. एकही घर वगळणार नाही."

सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग कोटाची कॉलर वर करून वळले.

सायोकोबाईची सूचना मी सुवाच्य अक्षरात लिहिली. चिमट्यात ती वर लावली. तिच्याखाली तोमि आजींचा कागद. त्याच्या तळाशी नऊ नव्या चौकटी आखल्या आणि एकच ओळ लिहिली: "नवव्या चौकटीतली नोंद माझी नाही. पाहून शिक्का मारावा. लिगाया." शेजारी माझा खरा शिक्का मारला. पाटी पहिल्या घरी दिली आणि येऊन खिडकीशी बसले.

पहिल्या घरी दहा मिनिटं. दुसऱ्या घरी जवळजवळ तेवढीच. तिसऱ्या घरी, शिगेरुकडे, तासभर. मग तो बाहेर आला, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, पाटी छातीशी धरलेली. चौथ्या घरी देऊन परत जाताना माझ्या खिडकीकडे बघत उभा राहिला. मी पडदा ओढला. दोन वर्षं त्याने दार लावलं होतं, त्याला थोडं कळू दे.

दुपारपर्यंत पाटी सातव्या घरी पोचली. कोगुरेबाईंना वाटलं असणार, दुःखाच्या घरी पाटी कशाला, थेट नवव्याला देऊ. त्या माझ्या दाराकडे वळल्या तशी मी खिडकी उघडली.

"आठवं घर राहिलं, कोगुरेबाई."

"अहो, त्यांच्याकडेच तर..."

"नियम तो नियम. तुम्हीच सांगता ना?"

त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ओठ घट्ट मिटले आणि सरांची घंटा वाजवली.

अर्ध्या तासाने माझी वाजली. सर पाटी दोन्ही हातांनी धरून उभे होते. चेहरा चुन्यासारखा.

"आजच? माझी बायको आत निजलीय, लिगायाबाई. आजच का?"

"तोमि आजीही त्या दिवशी अशाच निजल्या होत्या, सर. मला बघायच्या होत्या."

"मी... मला वाटलं, तुम्हाला काय त्याचं..."

"काय वाटलं? बोला ना."

त्यांनी पाटी पुढे केली. मी पाटी घेतली. आठव्या चौकटीत, दोन्ही कागदांवर, त्यांचा शिक्का होता. खालचा वाकडा पडला होता, शाई पसरलेली. पण होता. सात घरांचे शिक्के बघून न मारून सांगतात कुणाला! मी त्यांच्यासमोरच माझा शिक्का काढला आणि नवव्या चौकटीत दाबून मारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरला. आठही घरं आली, मुलंबाळं घेऊन. गटप्रमुख म्हणून दाराशी नावं लिहून घ्यायचं काम माझं. प्रत्येक जण वहीत नाव लिहिताना एक क्षण थांबून माझ्याकडे बघत होता. कोगुरेबाईंनी माझा हात दाबला. तोंडाने कुणी काही बोललं नाही. सरांशीही नाही. ठरलेली दोन वाक्यं म्हणायची आणि पुढे सरकायचं. सर फुलांपाशी उभे होते. ज्यांना ज्यांना त्यांनी अक्षर गिरवायला लावलं होतं ते सगळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. दोन वर्षं मला जे मिळालं ते त्यांना एका सकाळी मिळालं. थंडी आहे ना, सर?

शेवटी माझी पाळी. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. सर वाकले. नुसती मान नाही, कमरेतून, हात मांड्यांना चिकटवून. आता मी वाकायचं, मग त्यांनी सरळ व्हायचं. आपल्या गल्लीत तसंच असतं.

मी वाकले नाही.

ते तसेच राहिले. पाठ थरथरायला लागली. भटजींनी घसा खाकरला. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मी ताठ उभी होते आणि मला जराही दया येत नव्हती. मला कोपऱ्यावरची कचऱ्याची पिशवी दिसत होती, आणि हातभर उघडलेलं दार.

"ताई."

शिगेरु माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. मला वाटलं, पुरे म्हणणार. पुरे म्हटलं असतं तर त्यालाही सोडलं नसतं मी. पण त्याने वाकलेल्या सरांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. तोही वाकला नाही. आम्ही दोघं तसेच उभे, आणि म्हातारा आमच्यापुढे अर्धा झालेला, वर यायची परवानगी न मिळालेल्या मुलासारखा.

"आईने आजारात शेवटपर्यंत तुझ्याबद्दल विचारलं," शिगेरु हळूच म्हणाला. "रविवार लांब आहे, बुधवारी येईल का, म्हणाली."

बुधवारी आजी नव्हत्याच. पण मंगळवारी सकाळी हे विचारणाऱ्या आजींना ते काय माहीत!

मग मी वाकले. कमरेतून, कपाळ गुडघ्यांपर्यंत नेऊन. सरांकडे पाठ करून, फुलांमधल्या फोटोत लाजून हसणाऱ्या सायोकोबाईकडे तोंड करून. शिगेरु माझ्या शेजारी वाकला. मागे सगळी गल्ली वाकल्याचा आवाज आला. सरांचं वाकणं कुणी परत केलं नाही.