ओल्या दोऱ्याची गाठ

बुधाजीच्या उजव्या हाताला दोन बारीक नळ्या होत्या. एक धमनीत, एक शिरेत, आणि मनगटाच्या वर, कातडीबाहेर, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा मुंबईच्या इस्पितळात या नळ्यांतून त्याचं रक्त यंत्रात जायचं आणि धुऊन परत यायचं. डाव्या हाताच्या नळ्या दिवाळीतच गुठळी होऊन बंद पडल्या होत्या.

"हाही हात गेला तर नळी कुठे घालायची, मला माहीत नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "नळी लाल आणि कोमट हवी. काळी, गार पडली की रक्त गोठलं समजा. हाताला काही आवळू नका."

बुधाजी थळच्या शाळेत माझ्याकडे चौथीपर्यंत होता. इस्पितळात बोलायला कुणी हवं म्हणून मी बरोबर जायचो. डॉक्टरांचं म्हणणं मी त्याच्या बायकोला, केसरला, पाच वेळा समजावलं होतं. वाळूत चित्र काढूनसुद्धा.

त्या दिवशी रेवसच्या लाँचमध्ये वारा फार होता. पाण्याचे फवारे अंगावर येत होते. भाऊचा धक्का दिसू लागला तेव्हा बुधाजी म्हणाला, "मास्तर, बोटांना मुंग्या आल्यात."

मी त्याची बाही वर केली. नळ्यांवरच्या पट्टीभोवती जाळं विणायचा सुती दोरा, ओळीनं चार गाठी. पट्टीच्या कडेला दिसणारी नळी काळपट, गार.

"केसर, हे काय?"

"पट्टी सरकत व्हती. आमची गाठ सुटायची न्हाय, मास्तर."

"आणि ओली झाली की?"

"आवळते. म्हनून तर जाळं टिकतं..." तिची नजर त्याच्या हातावर गेली.

"पाच वेळा सांगितलं होतं मी! पाच वेळा!"

"तुमी आवळू नको म्हनलात. मी सैलच बांधलेली."

नखांनी गाठ सुटेना. दातांनीही नाही. "तिची गाठ हाय ती," बुधाजी म्हणाला, "देवाच्यानंबी सुटायची न्हाय." मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. शेवटी खलाशाचा सुरा घेऊन मीच, नळीला धार लागू न देता, एकेक दोरा कापला.

इस्पितळात डॉक्टर माझ्यावरच उखडले. "गुरुजी, तुम्ही बरोबर असता ना?" त्यांनी नळीचा जोड सोडला, पिचकारीनं ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. अर्ध्या तासानं काळी, गांडुळासारखी गुठळी बाहेर आली, आणि मागोमाग लाल रक्त.

परतीच्या लाँचमध्ये केसरनं नवऱ्याच्या हातावर पदर धरला आणि बोट नळीवर टेकवलं.

"गरम हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "गरम हाय."

"अगं, रेवसपातूर हेच सांगनार काय?" बुधाजी वैतागला.

"व्हय," केसर म्हणाली. "आन् तू हात हलवू नको."