तव्याले शिव्या काहून?

मित्रांनो, मी औषधाच्या गोळ्या पाडणारे एक जुने यंत्र आहे. जुने म्हणालो, निकामी म्हणालो नाही. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठीच ही हकीगत सांगतो आहे. व्याकरणात यंत्र 'ते' असते हे मला ठाऊक आहे. पण मुलांनी माझे नाव ठोक्या ठेवले आणि त्या दिवसापासून मी 'तो' झालो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. बिडाचे अंग, पोलादी ठोसे, बाजूला मोठे चाक आणि चाकाला लाकडी मूठ. माझ्या डोक्यावरच्या नरसाळ्यात औषधाचे दाणे टाकायचे आणि मूठ फिरवायची. दाणे साच्यात उतरतात, वरून ठोसा बसतो, ठक् आवाज होतो आणि गोळी बाहेर पडते. एक फेरा, एक गोळी, एवढाच माझा धंदा.

१९६४ साली मालगाडीने मी नागपूरला आलो. मला न्यायला विभागाचे शिपाई रामाजी हातठेला घेऊन आले होते. इतवारी बाजाराच्या गर्दीत एका भांडेवाल्याने माझे चाक पाहून विचारले, की रसवंती टाकता की काय. रामाजींनी ठेला थांबवला आणि त्याला ठणकावले, "रस नाही गा, हे औषध काढते." मी अजून एकही गोळी पाडली नव्हती, तरी या माणसाने माझी बाजू घेतली. तेव्हापासून रामाजी माझे झाले.

विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग हे नाव भारदस्त, पण पसारा म्हणजे टिनाचे एक शेड, दोन खोल्या आणि वीस विद्यार्थी. पाण्याचा नळ सकाळी तासभर यायचा. शेजारच्या इमारतीतले लोक आमच्या शेडला 'कंपाउंडर बनवायचा कारखाना' म्हणत. विभागप्रमुख मुकुंदराव सर बनारसला शिकून आलेले, शांत स्वभावाचे. ते हसून सोडून देत. मला मात्र हसू येत नसे. माझ्या मुलांनी रात्रंदिवस रसायने घोकायची, आणि कोणीही यावे नि त्यांना पुड्या बांधणारे म्हणून जावे, हे मला कधीच मानवले नाही.

नऊ वर्षे मी राबलो. जुलै ते फेब्रुवारी प्रात्यक्षिके चालत आणि उन्हाळ्यात माझ्यावर चादर पडे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्या चादरीमुळेच घडले.

१९७३ च्या एप्रिलमध्ये पत्र आले की मान्यतेची तपासणी करायला समिती येणार, आणि तीही मे महिन्यात. समितीसमोर विद्यार्थ्यांनी गोळ्या पाडून दाखवायच्या होत्या. मान्यता गेली तर पदवी नुसता कागद. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय कोणी दारात उभे करत नाही.

सरांनी चादर काढली आणि सरावाला सुरुवात झाली. ठक् झाले, गोळी पडली, आणि तिचा वरचा पापुद्रा झाकणासारखा सुटून बाजूला गेला. दुसरी गोळी तशीच, दहावीही तशीच. आमच्या धंद्यात याला टोपी उडणे म्हणतात. त्या दिवशी मी शंभर गोळ्या पाडल्या आणि सत्तरांच्या टोप्या उडाल्या.

भांडारपाल मधुकरराव यांनी लगेच निदान केले. माझी झीज झाली, मी म्हातारा झालो, मला इतवारीत भंगारात काढावे. त्यांनी नोंदवहीत माझ्या नावापुढे 'निकामी' असा शेराही मारला. मित्रांनो, नऊ वर्षांच्या चाकरीनंतर असा शेरा वाचावा लागणे काय असते ते सांगता येत नाही. माझे ठोसे सरळ होते, साचा गुळगुळीत होता. दोष माझा नव्हता. पण यंत्राचे ऐकतो कोण?

घाईघाईने विजेवर चालणारे नवे यंत्र आणले. हिरवा रंग, चकचकीत अंग. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि बटण दाबले. माझ्या टोप्या मिनिटाला तीस उडत होत्या, त्याच्या साठ उडू लागल्या. खरे सांगतो, मला आनंद झाला. मग सरांचा चेहरा दिसला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

आता गोपिकेची ओळख करून देतो. काटोलकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची लेक, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, वर्गातल्या तीन मुलींपैकी एक. तिच्या घरात मॅट्रिकपुढे शिकलेले कोणी नव्हते. मान्यता धोक्यात आहे ही बातमी गावापर्यंत पोहोचली आणि तिचे वडील चंपतराव दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने हजर झाले. ते शेडच्या दारात उभे राहिले आणि उडालेल्या टोप्यांचा ढीग बघत म्हणाले, "चाल घरी. कंपाउंडर तं आपल्या गावच्या डॉक्टरकडं बी हाय. त्याच्यासाठी तीन वर्षं काहून घालवली?"

गोपिकेने समिती येईपर्यंतचे चार दिवस मागितले. चंपतराव म्हणाले की चार दिवस ते नातेवाइकांकडे थांबतील, पण पाचव्या दिवशी तिची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढेल. ते गेल्यावर ती कितीतरी वेळ माझ्यापाशी उभी राहिली. मग तिने नरसाळ्यातले दाणे मुठीत घेतले आणि चोळून पाहिले. त्यांचा भुगा होऊन बोटांतून गळून गेला.

सर आणि मधुकरराव पुन्हा माझ्या म्हातारपणावर बोलत होते. गोपिका मध्येच म्हणाली, "सर, पीठ कोरडं रायलं का भाकर फाटतेच. मंग तव्याले शिव्या काहून द्याच्या?"

मधुकररावांना हा उद्धटपणा वाटला. सरांनी मात्र पुस्तक उघडले. औषध आणि स्टार्चची खळ मळायची, दाणे करायचे आणि भट्टीत दोन तास वाळवायचे, असे त्यात छापलेले होते. नऊ वर्षे आम्ही तेच केले होते. पण पुस्तक लिहिणारा थंड, दमट देशातला. आमच्याकडे पावसाळ्यात, हिवाळ्यात त्याचे जमून गेले. मे महिन्यात नागपूरची हवा दाण्यांतला ओलावाच पिऊन टाकते, आणि ओलाव्याशिवाय गोळी धरत नाही. हे आमच्या एकाही विद्वानाच्या ध्यानात आले नव्हते, कारण मे महिन्यात सगळे विद्वान कूलरपुढे बसलेले असत.

मग तीन दिवस शेडमध्ये धांदल चालली. रामाजींनी घरून वाळ्याच्या ताट्या आणून खिडक्यांना लावल्या आणि दर अर्ध्या तासाने ते त्यांवर पाणी मारू लागले. नळ बंद, म्हणून रामाजी दूरच्या विहिरीवरून बादल्या आणत होते. वयाने पन्नाशीचा माणूस, बाहेर पंचेचाळीस अंश ऊन, पण तो कुरकुरला नाही. गोपिका दाणे कमी वेळ वाळवून बघत होती. पहिल्या खेपेला ते इतके ओले राहिले की माझ्या ठोशालाच चिकटले आणि तिने ते ओल्या फडक्याने माझी माफी मागत पुसले. दुसऱ्या खेपेला निम्म्या गोळ्यांच्या टोप्या जागेवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांवर ती थांबली आणि तिने मूठ फिरवली. शंभर गोळ्या पडल्या. एकही टोपी उडाली नाही.

चौथ्या दिवशी समिती आली. प्रमुख साहेब दिल्लीचे, मूळचे पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे. मधुकररावांनी त्यांना आधी हिरव्या यंत्रापाशी नेले. साहेबांनी नोंदवही चाळली, माझ्या नावापुढचा शेरा वाचला आणि म्हणाले, "मला हे निकामी चालवून दाखवा." माझी फजिती झाली की मान्यता नाकारण्याचे त्यांचे काम सोपे होणार होते, हे न कळण्याइतका मी मठ्ठ नाही.

गोपिकेने पदर खोचला आणि मूठ धरली. मी मनातल्या मनात म्हणालो, पोरी, दाणे तुझे आणि ठोका माझा, बघू कोण आपली टोपी उडवतो ते. साहेबांनी दहा गोळ्या उचलल्या, खांद्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकल्या, चष्मा लावून वाकून पाहिल्या. दहाही शाबूत होत्या. मग त्यांनी खिडकीतल्या ओल्या ताट्यांकडे बोट करून विचारले, की ही कल्पना कोणाची. श्रेय घेणे सरांना सहज जमले असते. त्यांनी गोपिकेला पुढे केले.

पुस्तकात दोन तास लिहिले असताना तुम्ही चाळीस मिनिटेच का वाळवले, असा साहेबांचा प्रश्न आला. गोपिकेने नीट प्रमाण मराठीत उत्तर घोकलेले होते, पण ऐन वेळी ती ते विसरून गेली. ती म्हणाली, "ज्यानं पुस्तक लिहिलं त्याच्या गावात नागपूरचा मे महिना नसन, सर."

साहेबांनी वहीत बराच वेळ लिहिले. जाताना त्यांनी मधुकररावांकडून पेन घेतले आणि माझ्या नावापुढचा शेरा स्वतः खोडला.

चंपतराव बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. गोपिकेने एक गोळी नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. नांगर धरून दगड झालेल्या अंगठ्याने त्यांनी ती मोडायचा प्रयत्न केला, दोनदा केला. मग रामाजींकडे बघून म्हणाले, "पक्की हाय गा." ट्रंक हॉस्टेलातच राहिली आणि जुलैत मान्यतेचे पत्र आले.

त्यानंतर आमचा विभाग वाढला. पक्की इमारत आली, पदव्युत्तर वर्ग आले, संशोधन आले. आमची मुले मुंबईच्या कारखान्यांत गेली, कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या दवाखान्यात गेली, नागपुरातच जरीपटक्यात औषधांची दुकाने घालून बसली. अडचणीही वाढल्याच. शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, रसायने परीक्षा झाल्यावर येतात, आणि कंपाउंडर म्हणणारे अजून तसेच म्हणतात. म्हणोत बापडे. गोपिका इथेच शिकवू लागली आहे आणि पहिल्या तासाला मुलांना भाकरीची गोष्ट सांगते.

आणि मी? सोळा ठोशांचे मोठे यंत्र आले, तेव्हा १९८३ साली मला जिन्याखाली मांडले. चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप, पोरांनी खेळू नये म्हणून. रामाजी निवृत्त झाले आणि ज्या बुधलीतून ते मला तेल घालत ती त्यांच्याबरोबर गेली. खंडेनवमीला मला हार घालतात, हळदकुंकू वाहतात, पाहुण्यांना 'हा आमचा वारसा' म्हणून दाखवतात. उरलेले वर्ष माझ्यावर धूळ बसते आणि माझ्या साच्यात गंज हळूहळू घर करतो. ज्याला कामाला लावायचे नाही त्याची पूजा करायची, ही माणसांची जुनी युक्ती आहे, मित्रांनो. मी तिला भुलणारा नाही.

मला हार नको. साखळी काढा, थेंबभर तेल द्या आणि एक फेरा फिरवून पाहा. टोपी उडाली तर खुशाल इतवारीत नेऊन विका, मी हूं की चूं करणार नाही. फक्त त्याआधी खिडकीतल्या ताटीवर पाणी मारले होते का, तेवढे बघा.