रिकाम्या रकान्यातला 'नाही'

दौंडला स्टेशन रस्त्यावर रविराज सरांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं आणि पूनम तिथं चार वर्षं नोकरीला होती. भांडगावच्या वस्तीवरची पोर. आजोबांनी मेंढरं राखली, बापानं ऊस लावला आणि पूनम फॉर्मांचे स्कीमे, म्हणजे रकान्यांचे नियम, लिहू लागली. आईनं विचारलं तेव्हा तिनं सोपं करून सांगितलं होतं, "कुठल्या रकान्यात काय चालंल ते मी ठरवते. वयाच्या जागी आकडाच पायजे, जन्माच्या जागी तारीखच. नाव मोकळं सोडता यायचं न्हाई. नियम मोडला की मशीन फॉर्म माघारी लावून देतं." आईला एवढंच कळलं की आपली पोरगी नियम करते. चार बायकांत ती ते कौतुकानं सांगायची.

गेल्या साली एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हाताऱ्या माणसांची नोंदणी करायची होती. गावातल्या सेविका मोबाईलवर फॉर्म भरणार आणि ते दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर जाणार. पूनमनं 'औषधाची ॲलर्जी' हा रकाना हो-नाही अशा प्रकारचा केला. चाचणी घेतली तर साठ फॉर्म लाल होऊन परत आले, कारण तो रकाना रिकामा होता.

"उद्या सकाळी दाखवायचंय," रविराज सर म्हणाले. "हे लाल दिसता कामा नये."

पूनमनं एक ओळ घातली. रकाना रिकामा आला तर 'नाही' धरावं. लाल रंग गेला. ओळ लिहिताना तिच्या मनात आलं होतं की, ज्याला ठाऊकच नाही त्यानं काय भरायचं? 'माहीत नाही' असा तिसरा पर्याय करायचा तर मोबाईलवरचा फॉर्मही बदलावा लागला असता, अर्धा दिवस गेला असता. तिनं तो विचार बाजूला सारला आणि फाइल पाठवून दिली.

दोन महिन्यांनी पाटसजवळच्या वस्तीवरच्या सोजराबाईंना ऑपरेशनआधी इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत त्यांचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. त्यांना पुण्याला हलवावं लागलं. चार दिवस त्या श्वासाच्या मशीनवर होत्या. वाचल्या, पण डोळ्याचं ऑपरेशन राहून गेलं.

ट्रस्टचे अध्यक्ष आनंदराव, सगळ्यांचे आप्पा, यांनी बैठक बोलावली. समोर सेविका गिताबाई उभ्या होत्या. त्यांच्या नावावर आलेल्या सोजराबाईंच्या फॉर्मात स्वच्छ दिसत होतं : ॲलर्जी, नाही.

"म्या 'नाही' भरलंच नव्हतं, आप्पा," गिताबाई सांगत होत्या. "आजी म्हनल्या, एकदा सुईनं अंगावर उठलं व्हतं, पर कशाची सुई ते ठावं न्हाई. मग मी हो भरू का न्हाई भरू? म्हनून मोकळं सोडलं. म्हनलं, डॉक्टर इचारतील."

"मोकळं कुठं हाय बाई? हितं तर 'नाही' हाय." आनंदराव पूनमकडं वळले. "काय गं, मशीन आपल्या मनानं काही भरतं का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. रविराज सर टेबलावरच्या पेनाशी चाळा करत होते. पूनमच्या तोंडून शब्द निघाले, "नाही आप्पा. तसं होत नसतं."

गिताबाईंनी मान खाली घातली. पुढच्या सोमवारपासून त्यांना कामावर यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं. गावात बोललं जाऊ लागलं की गिताबाईनं म्हातारीला मारलंच होतं. पूनमच्या आईनंही ते बाजारातून ऐकून आणलं आणि हळहळत म्हणाली, "माणसानं लक्ष दिऊन काम करू ने व्हय?" पूनम पाटावरून उठली. पुढ्यातली भाकरी तशीच राहिली.

रविराज सरांनी सोजराबाईंना बघून यायला तिलाच पाठवलं. म्हातारी ओसरीत बाजेवर बसली होती. आवाज अजून घोगरा होता.

"दवाखान्यातनं आलीस? त्या गिताचं काम काढलं म्हनं," ती म्हणाली. "तिचा काय दोस गं? तिनं दोनदा इचारलं. मलाच सांगता आलं न्हाई." मग सुनेला हाक मारून तिनं चहा टाकायला लावला. "तू कुनाची? भांडगावची? मग आमचीच की. घे, च्या घे."

पूनमनं बशीत ओतून चहा घेतला. ज्या माणसाचा जीव आपल्या एका ओळीनं टांगणीला लागला होता, त्याच्याच घरचा चहा आपण पितोय, हे तिला सोसेना.

तिथून ती थेट गिताबाईंच्या घरी गेली. गिताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. पूनमनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओळ, लाल फॉर्म, आणि बैठकीतलं ते 'तसं होत नसतं'. गिताबाईंचा हात सुपावर थांबला.

"तवा का न्हाई बोललीस?"

"भ्याले, मावशी."

"आन् मी? मी भ्याले नसंन?" गिताबाईंनी सूप खाली ठेवलं. "माझ्यापाशी रडून काय उपेग? खोटं जिथं बोललीस, तिथं जाऊन खरं बोल."

पुढच्या बैठकीला पूनम न बोलावता गेली. रविराज सरांनी दारातच दंड धरला. "अगं, ऑफिस बुडंल." तिनं दंड सोडवून घेतला. भिंतीवरच्या पडद्यावर ती ओळ दाखवली. मग सर्व्हरवरचा सोजराबाईंचा मूळ फॉर्म उघडला. गिताबाईंच्या मोबाईलवरून तो जसा आला होता तसाच होता, रकाना रिकामा.

"मशीननं भरलं, आणि मशीनला भरायला मी शिकवलं. आप्पा, मागच्या वेळी मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "त्या बाईला आपण किती बोललो," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "असे आनखी किती?"

एकशे अडतीस.

स्कीमा आणि मोबाईलवरचा फॉर्म बदलायला अर्धा दिवस लागला. हो, नाही, माहीत नाही. आणि रिकामं आलं तर मशीननं आपल्या मनानं काहीही धरायचं नाही. पण एकशे अडतीस घरांत जाऊन पुन्हा विचारणं भाग होतं. गिताबाईंना ट्रस्टनं माणूस पाठवून परत बोलावलं. त्या आल्या. पूनम सोबत येईल म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

अठरा दिवस दोघी फिरल्या. गिताबाई पुढं, पूनम मागं. प्रत्येक दारात लोक विचारायचे, "मागं तर सांगितलं की, आता परत कशाला?" तेव्हा गिताबाई बाजूला सरकून उभ्या राहायच्या, आणि पूनमला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागायचं, "तुमचा ॲलर्जीचा रकाना मोकळा होता, मी मशीनला 'नाही' लिहायला लावलं. माझी चूक झाली." पहिल्या दिवशी हे बोलणं अवघड गेलं. अठराव्या दिवशीही ते सोपं झालं नव्हतं. भांडगावात तिच्या चुलत्याच्या दारातही तिला तेच बोलावं लागलं, आणि आई शेजारच्या ओट्यावरून ऐकत होती.

नऊ जणांना कुठल्या ना कुठल्या औषधाचा त्रास निघाला. नवव्याच्या घरातून निघताना गिताबाईंनी मोबाईल पूनमच्या हातात दिला.

"ह्यांचं तू भर," त्या म्हणाल्या. "मी बघती."