गावचा टोप तिसऱ्या मजल्यावर

मी एक जुना पितळी टोप आहे, मित्रांनो, आणि माझा पत्ता आहे नवघर, भाईंदर पूर्व. माझ्यात एका वेळी दीडशे माणसांची आमटी होते. भरलेला असलो तर चार जणांशिवाय मी जागचा हलत नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगतो. तुमच्या घरातल्या कुकरशी माझी तुलना करू नका. मला राग येतो.

माझा जन्म वसईच्या एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. तेव्हा नवघर म्हणजे बावीस घरं, भातशेती आणि पलीकडे मिठागरं. कार्याला पुरेल एवढं मोठं भांडं एकाही घरात नव्हतं. मग प्रत्येक घराने आपली फुटकी, चेपलेली पितळेची मोड आणून दिली. कोणी तांब्या दिला, कोणी परात, कोणी आजीचा झाकण हरवलेला डबा. त्या सगळ्या मोडीच्या बदल्यात तांबटाने मला घडवून दिलं. त्यामुळे मी कोणा एकाचा नाही, गावाचा आहे. ठेवायला कोरडी जागा हवी म्हणून पंढरीनाथकाकांच्या घरच्या पडवीत माझी सोय झाली. आधी त्यांच्या वडिलांनी मला सांभाळलं, मग काकांनी.

किती लग्नं, किती बारशी, किती पूजा माझ्या पोटावर पार पडल्या, ते मला आता आठवतही नाही. माझी आमटी खाऊन लोक पाहुण्यांत नाव काढायचे. कौतुक स्वयंपाक करणाऱ्याचं व्हायचं, पण मी ते आपलंच समजून घ्यायचो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर देतात. त्याला कल्हई म्हणतात. ती नसेल तर आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो. चव बिघडते, रंग हिरवट होतो, आणि तो खाण्यासारखा राहत नाही. पूर्वी कल्हईवाला दर वर्षी गावात यायचा. मग तो दोन-तीन वर्षांनी यायला लागला आणि पुढे दिसेनासा झाला. माझी शेवटची कल्हई गावातल्या बायकांनी राख आणि मऊ काथ्याने हलक्या हाताने घासून जपली होती.

तोवर गाव कुठल्या कुठे गेलं होतं. शेतांवर इमारती आल्या. मग एक कॉलेज निघालं. त्याच्यामागून झेरॉक्सची दुकानं आली, वडापावच्या गाड्या आल्या आणि पालघर-जव्हारकडून शिकायला आलेल्या मुलींच्या भाड्याच्या खोल्या आल्या. गावातली जुनी माणसं कुरकुर करायची. मला मात्र ही गर्दी आवडायची. माणसं वाढली म्हणून टोपाला कधी वाईट वाटत नाही.

अंबिका याच गर्दीतली. गिरगावातली जागा सोडून ती चार वर्षांपूर्वी इथे आली आणि कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागली. तिची इमारत पंढरीनाथकाकांच्याच शेतावर उभी आहे. सव्वीस जानेवारीला सोसायटीतल्या सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलं. शेजारच्या खोलीवर राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींनाही बोलवायचं होतं. म्हणून ती मला मागायला आली. काकांनी सांगितलं की गावाचा टोप गावाबाहेर जात नाही.

त्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, मी चार वर्षं इथेच राहतेय. माझं रेशनकार्ड इथलं, माझं मत इथलं. मग मी गावाबाहेरची कशी?"

काका उठून पडवीत गेले. त्यांनी मला दिलं. मी पहिल्यांदा लिफ्टसमोर उभा राहिलो आणि लिफ्टमध्ये मावलो नाही, याचा मला थोडा आनंदच झाला. खाली पार्किंगमध्ये चूल मांडली. पुलाव झाला. गुजराती, मारवाडी, मल्याळी, मराठी, सगळे जेवले. माझी जुनी कल्हई अजून शाबूत होती, म्हणून सगळं सुखरूप पार पडलं.

अंबिकाला वाटलं, गावाने विश्वास टाकलाय, तर टोप नव्यासारखा करून परत द्यावा. तिने आणि त्या मुलींनी लिंबू, रांगोळी आणि तारेची घासणी घेतली आणि मला तीन तास घासलं. आतूनही घासलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, एवढंच माझं दुःख आहे. संध्याकाळी मी आतून-बाहेरून सोन्यासारखा पिवळा झालो होतो आणि माझी कल्हई मोरीतून वाहून गेली होती. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना फक्त चकाकी दिसली. त्यांनी तिचं कौतुक केलं.

पुढच्याच आठवड्यात गावातल्या कृष्णाबाईंच्या नातीचा, मनालीचा साखरपुडा होता. मुलाकडची माणसं पालीहून येणार होती. पहाटेच्या घाईत कोणी माझ्या आत डोकावलं नाही. कृष्णाबाईंनी चिंच-गुळाची आमटी केली आणि दुपारपर्यंत माझ्यातच ठेवली. पंगत बसली. पहिला भुरका मारून मुलाच्या काकांनी वाटी खाली ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. सगळी आमटी फेकावी लागली. हॉटेलातून डाळ आणून वाढेपर्यंत पाहुणे रिकाम्या पानांवर बसून होते. साठ वर्षांत माझ्यामुळे कोणाची मान खाली गेली नव्हती. त्या दिवशी कृष्णाबाईंची गेली.

रिकाम्या टोपात कल्हई उरली नाही हे दिसलं, तेव्हा गावाने बैठक घेतली. टोप यापुढे बिल्डिंगवाल्यांना द्यायचा नाही, असं ठरलं. नंतर ठरलं की कल्हईवाला मिळत नाही, तर टोप ठेवून तरी काय उपयोग? पंढरीनाथकाकांचं घर दिवाळीनंतर पाडायचं होतं, तिथेही इमारत येणार होती. तेव्हा मला भंगारात द्यावं आणि स्टीलची पातेली घ्यावीत. काकांनी मला मागच्या अंगणात पालथं घातलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

अंबिकाला हे कळलं ते मनालीकडून. मनाली त्याच कॉलेजात शिकते. परीक्षेचा फॉर्म द्यायला ती ऑफिसच्या खिडकीशी आली आणि तिने अंबिकाकडे न बघता घडलेलं सगळं सांगितलं. अंबिका त्याच संध्याकाळी कृष्णाबाईंच्या दारात गेली. चूक आपल्या हातून झाली, असं तिने कबूल केलं. कृष्णाबाई सुकट निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, पण बस म्हटलं नाही.

मग तिने एकच ध्यास घेतला. मला भंगारात जाऊ द्यायचं नाही. चार रविवार ती कल्हईवाला शोधत फिरली. भाईंदरच्या बाजारात लोक हसले. ठाण्यात एकाने दुकान दाखवलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. शेवटी तिने कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारायला सुरुवात केली, तुमच्या गावाकडे कोणी कल्हई करतं का? सफाळ्याकडच्या एका मुलीने आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. जानू त्यांचं नाव. हात थरथरत होते, पण भट्टी अजून घरात होती.

जानूबाबा आले. काकांच्या अंगणात त्यांनी खड्डा खणून भट्टी लावली. भट्टीला हवा घालणारा भाता ओढायला त्यांच्यात बळ नव्हतं, म्हणून अंबिका बसली. ऑफिसला घालायचा कुर्ता काळा झाला, डोळ्यांत धूर गेला, तरी ती उठली नाही. कृष्णाबाई आधी कोपऱ्यात उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्या जवळ आल्या आणि तिला भाता एका लयीत ओढायला शिकवू लागल्या. मी तापलो, नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठला, कथील माझ्या अंगावर वितळलं, आणि जानूबाबांनी कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवलं. मी पुन्हा चांदीसारखा पांढरा झालो. बघायला इमारतीतली सगळी पोरं जमली होती.

कृष्णाबाईंनी त्याच दिवशी माझ्यात चिंचेची आमटी केली. आधी स्वतः चाखली, मग वाटीभर अंबिकाला दिली.

एक प्रश्न उरला होता. काकांचं घर पडणार, मग मी राहणार कुठे? कोणी मंडळाचं कार्यालय सुचवलं, कोणी देवळामागची खोली. कृष्णाबाई म्हणाल्या, "टोप हिच्या घरी ठेवा."

बाकीचे चपापले. एकाने हलक्या आवाजात आठवण करून दिली की टोप बिघडवला तो हिनेच.

"म्हनूनच सांगतंय," कृष्णाबाई म्हणाल्या. "आपल्यातल्या कोनाला आता कल्हई कलते? जत्रंतली वस्तू असल्यागत सगले वापरतान. हिनं चूक केली, पन ती पलाली न्हाय. गावाचं भांडं हिच्याकडं ऱ्हायलं तर मना झोप लागंल."

अंबिका रडली. मला रडता आलं असतं तर मीही रडलो असतो. चौघांनी मला उचललं, आणि लिफ्टमध्ये मावत नसल्यामुळे जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेलं.

आता मी तिच्या गॅलरीत राहतो. गावातली माणसं आणि बिल्डिंगमधली माणसं, दोघंही मला मागायला तिचीच बेल वाजवतात. मागच्या महिन्यात मनालीच्या लग्नाची आमटी माझ्यातच झाली. पालीच्या पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली, आणि त्यांना वाढत अंबिका होती.

मित्रांनो, तुमचं गावही वाढत असेल. कधी तुम्ही कुठे नवे असाल, कधी तुमच्याकडे कोणी नवं येईल. नवे असाल तर जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती कशी सांभाळायची ते विचारा. जुने असाल तर न विचारताच सांगा, कारण नव्या माणसाला काय विचारायचं हेही ठाऊक नसतं. आणि चूक झालीच, तर त्या दारात जाऊन उभे राहा. बस म्हटलं नाही, तरी उभे राहा.

आणि हो, मला तारेच्या घासणीने घासू नका.