संत्र्याच्या रसातली व्होडका

दिराच्या घरी जायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. दीर सडाफटिंग, घरं रंगवायची कामं घ्यायचा, आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. पिण्यापायी ती नोकरी एकदा गेली होती. हिने मुख्याध्यापिकेच्या हातापाया पडून ती परत मिळवली. तेव्हापासून तिने त्याला थेंबाला शिवताना पाहिलं नव्हतं. दिराचं मात्र एकच पालुपद: "वहिनीनं दादाचं पार मांजर करून टाकलं."

त्या रविवारी दुपारी त्याने दोघांना जेवायला बोलावलं. ती सरळ जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"पहारा का, वहिनी?" संत्री पिळता पिळता दीर म्हणाला.

"द्यावा लागतो, भावजी."

"मग बघाच. ग्लासात बर्फ, त्यावर दोन बोटं व्होडका, वर ताजा रस. ढवळलं की झालं. हा माझा. आणि हा दादाचा, नुसता रस. बघितलंत ना डोळ्यांनी?"

बघितलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. ताटं उचलून ती बाहेरच्या खोलीत मांडायला गेली. नवरा आपला ग्लास आणायला आत गेला.

जेवताना तो हसायला लागला. भावाच्या शिळ्या विनोदांवर, टेबलावर थापा मारून. कान लालबुंद. तो हात धुवायला उठला तसा तिने त्याचा ग्लास तोंडाला लावला. आधी संत्रं लागलं, मग घसा जळत गेला.

"भावजी, वैरी बरा तुमच्यापेक्षा! उद्या सकाळी लोकांची लेकरं बसणार आहेत यांच्यामागे!"

एरवी एकाला चार ऐकवणारा दीर ताटाकडे बघत राहिला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

दीर आणि चूक कबूल करतोय? तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो ओले हात तसेच धरून उभा होता.

"त्याला कशाला बोलतेस? मीच ओतून घेतली."

"आजच?"

त्याने ओले हात शर्टाला पुसले. मग दीरच म्हणाला, "बस धुवायला जातो म्हणून निघतो ना, तेव्हा दादा इथं येतो. मी नाही दिली तर दुसरीकडे पिईल, वहिनी. म्हणून..."

"म्हणून आत्ता माझ्या शिव्या खाल्ल्यात? आणि हे खुशाल ऐकत उभे राहिले?"

तिने पर्समधून फोन काढला.

"कुणाला लावतेस?" नवरा पुढे झाला. "अगं, नोकरी जाईल! घर कशावर चालवशील?"

"हात लावून बघ फोनला." आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला एकेरीत सुनावलं. पलीकडून मुख्याध्यापिकेचा आवाज आला तशी म्हणाली, "बाई, उद्या बसला दुसरा माणूस बघा. हो, पुन्हा प्यायला लागलाय."

"तू बायको आहेस का वैरीण?" नवरा ओरडला. तिने चपला घातल्या आणि एकटीच निघाली.

नवरा भावाकडेच राहिला. महिनाभराने दिराचा फोन आला. "घेऊन जा हो याला, वहिनी. माझ्यानं नाही आवरत आता. बाटल्या लपवून थकलो."

"तुमचा दादा ना?" ती म्हणाली. "मग तुम्हीच सांभाळा."

आणि तो पुढे काही बोलायच्या आत तिने फोन ठेवून दिला.